पायाळू : जन्मजात जादूचा क्लास बनवतोय, पण खेळताना विझर्डच वाटतो

बोरीकाठ (धाराशिव)

रामराम मंडळी. डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे फाशांवर गोष्ट रंगवायचा खेळ, त्याच्या २०१४च्या (पाचव्या आवृत्तीच्या) नियमांवर पाच जणांचा डाव चालू आहे. जग आपल्याच भागाचं, फक्त नावं बदललेली. काळ्या पाषाणाचे किल्ले, बारवा, जमिनीखालून गेलेली नहर, आणि पाऊस आला तर आला. यात सॉर्सरर, म्हणजे जन्मजात जादू असलेला क्लास (पात्राचा प्रकार), आहे तसा बसत नाही. ड्रॅगनचं रक्त आपल्याकडं कुणाच्या पणजोबात निघायचं? म्हणून जन्मजात जादूसाठी 'पायाळू' घेतला. पायाकडून जन्मलेल्याला जमिनीतलं धन आणि पाणी कळतं, त्याच्यावर वीज ओढली जाते, आणि कमरेत उसण भरली की त्याची लाथ लागली तर उतरते. या तिन्ही समजुती प्रत्येक खेळाडूनं घरात ऐकलेल्या असतात, त्यामुळं पार्श्वभूमी समजावत बसावं लागत नाही.

कच्चा आराखडा असा : हिट डाइस (हिट पॉइंट, म्हणजे जीव, ठरवणारा फासा) डी८, म्हणजे आठ बाजूंचा. जादू करिश्मा (व्यक्तिमत्त्वाची छाप) या गुणावर, पण कॉन्स्टिट्यूशनवर (अंगाचा काटकपणा) न्यावी का असाही विचार आहे, कारण ताकद अंगातलीच. स्लॉट, म्हणजे दिवसात स्पेल (मंत्र) टाकायच्या संधी, सॉर्सररइतके. विझर्डची, म्हणजे वहीतून पाठ करणाऱ्या जादूगाराची, पूर्ण यादी, त्यातून लेव्हल अधिक करिश्मा एवढे स्पेल रोज सकाळी निवडायचे. पहिल्या लेव्हलपासून जमिनीखालचं ६० फुटांपर्यंत सगळं दिसतं, हवं तितक्या वेळा. विजेच्या डॅमेजला व्हल्नरेबिलिटी, म्हणजे दुप्पट.

अडचणी तीन. खेळताना हा विझर्डच वाटतो. भुयारात शिरल्याबरोबर त्याला सगळा नकाशा उघडा करून द्यावा लागतो. आणि विजेचा तोटा एकतर कधी आडवाच येत नाही, नाहीतर आला की माणूस खलास. काय बदलू?

---

अंधारीतला पहारेकरी (छत्रपती संभाजीनगर)

बोरीकाठ, तुमच्या आराखड्यातलं एकच वाक्य सगळं बिघडवतंय : 'रोज सकाळी निवडायचे'. पाठांतर करणारा निवडतो. जन्मजात असलेल्याला निवड नसते, त्याच्याकडं जे आहे ते आहे. हा फरक वर्णनात कितीही रंगवा, कॅरेक्टर शीटवर आकड्यात उतरला नाही तर टेबलावर जाणवणारच नाही.

आधी हा सौदा कसा होता ते बघा. सॉर्सरर हा क्लास २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत आला तेव्हा हिशेब चोख होता. पहिल्या लेव्हलला विझर्डला दिवसात पहिल्या पातळीचा एक स्पेल, सॉर्सररला तीन. बदल्यात सॉर्सररला त्या पातळीचे दोनच स्पेल येणार, आणि दुसऱ्या पातळीचे स्पेल विझर्डला तिसऱ्या लेव्हलला तर याला चौथ्या लेव्हलला. थोडं येतं पण भरपूर वेळा, आणि जरा उशिरा. पाचव्या आवृत्तीनं दोघांचे स्लॉट सारखे केले आणि सॉर्सररला मेटामॅजिक (सॉर्सरी पॉइंट खर्चून स्पेल हवा तसा वळवायची कला) दिलं, पण त्याची तोकडी यादी तशीच ठेवली. पाचव्या लेव्हलला सॉर्सररकडं ६ स्पेल. त्याच लेव्हलच्या विझर्डच्या वहीत किमान १४, त्यातले इंटेलिजन्स १८ असेल तर ९ तयार, वर रिच्युअल (सावकाश टाकायचे स्पेल) स्लॉटशिवाय फुकट. सहाच मिळणार म्हटल्यावर जो तो शील्ड आणि फायरबॉलच घेतो, म्हणून सगळे सॉर्सरर एका साच्यातले दिसतात. पुढं २०२०च्या एका पुरवणीत दोन सबक्लासना दहा-दहा जादा स्पेल दिले, आणि २०२४च्या नियमांत विसाव्या लेव्हलचा आकडा १५ वरून २२ वर नेला. दहा जादा स्पेल विषयाला धरून होते, ही त्यातली घ्यायची गोष्ट.

पायाळूसाठी तेच करा, पण आणखी कडक. दहा स्पेल जन्मासोबत आलेले, कधीच न बदलणारे : पहिल्या लेव्हलला क्रिएट ऑर डिस्ट्रॉय वॉटर आणि थंडरवेव्ह, तिसऱ्याला लोकेट ऑब्जेक्ट आणि शॅटर, पाचव्याला लायटनिंग बोल्ट आणि मेल्ड इन्टू स्टोन, सातव्याला स्टोन शेप आणि कंट्रोल वॉटर, नवव्याला पासवॉल आणि वॉल ऑफ स्टोन. धन, पाणी, पाषाण आणि विजेचा कडकडाट, याच्या बाहेर एकही नाही. याशिवाय स्वतः निवडायचे स्पेल म्हणजे अर्धी लेव्हल वर पूर्णांकात घेऊन त्यात एक. पहिल्या लेव्हलला २, पाचव्याला ४, विसाव्याला ११. म्हणजे पाचव्याला एकूण १०, विसाव्याला २१. निवडायची यादी सॉर्सररची ठेवा, विझर्डची नको, आणि तिच्यातून शील्ड, फायरबॉल आणि फ्लाय काढून टाका. पहिले दोन काढायचं कारण वर आलंच. फ्लायचं कारण पुढच्या नियमात आहे.

हा नियम मात्र माझ्या मते सगळ्या क्लासचा कणा आहे : जन्मासोबत आलेले दहा स्पेल आणि मेटामॅजिक चालायला दोन्ही पाय उघडे आणि जमिनीला टेकलेले हवेत. माती, मुरूम, खडक, दगडी फरशी चालेल. लाकडी माळा, होडी, घोड्याची पाठ, बूट चालणार नाहीत. मग खेळाडूला दर खोलीत एक खरा निर्णय घ्यावा लागतो. बूट काढायला एक ॲक्शन (पाळीतली मुख्य कृती), घालायला एक ॲक्शन. अनवाणी असताना कॅलट्रॉप्सच्या (जमिनीवर पसरलेले काटे) सेव्हला, म्हणजे वाचायच्या फाशाला, डिसॲडव्हान्टेज (दोनदा टाकून कमी आलेला धरायचा). मूळ नियमात कॅलट्रॉप्स म्हणजे ५ फुटी चौकोन, डेक्सटेरिटी (चपळाई) सेव्ह १५, नापास झाला तर जागीच थांबणं, १ डॅमेज, आणि एखादा हिट पॉइंट भरून येईपर्यंत वेग १० फूट कमी. इतरांना ही किरकोळ कटकट, पायाळूला हे मोठं संकट. लेव्हिटेटनं त्याला दोन हात वर उचलणारा शत्रू विझर्ड त्याचा सगळ्यात मोठा वैरी. असं वैर विझर्डच्या वाट्याला येत नाही, आणि इथंच दोघं वेगळे दिसायला लागतात.

कॉन्स्टिट्यूशनवर जादू? नका नेऊ. कल्पना गोड आहे, हिशेब कडू. जादूचा डीसी (सेव्हला गाठायचा आकडा), हिट पॉइंट आणि कॉन्सन्ट्रेशनचा (चालू स्पेल टिकवायचा) सेव्ह एकाच आकड्यातून निघायला लागतात, बाकी सगळे गुण टाकाऊ होतात. पाचव्या लेव्हलला डी६ आणि कॉन्स्टिट्यूशन १४ असेल तर ३२ हिट पॉइंट. तेच १८ केलं की ४२. डीसी १०चा कॉन्सन्ट्रेशन सेव्ह प्रोफिशियन्सी (सरावाचा बोनस) धरून ८० टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर. दुसऱ्या कुठल्याही जादूगाराला एवढं मिळवायला दोन गुण वाढवावे लागतात. करिश्माच ठेवा. आणि हिट डाइस डी६. पूर्ण स्लॉट असलेल्याला डी८ द्यायचा तर त्याबदल्यात काहीतरी मोठं काढून घ्यावं लागेल, ते तुमच्याकडं दिसत नाही.

आणखी एक. जन्मजात म्हटलं की स्लॉट काढून नुसते पॉइंट ठेवायचा मोह होतो. पाचव्या आवृत्तीच्या पर्यायी नियमात पाचव्या लेव्हलला २७ पॉइंट आणि तिसऱ्या पातळीच्या स्पेलला ५ लागतात. स्लॉटवर दिवसात दोन लायटनिंग बोल्ट बसतात, पॉइंटवर पाच. दिवसात सहा ते आठ चकमकी होतात असं २०१४चे नियम धरून चालतात. तशा खरोखर झाल्या तर हे निभतं, पण बहुतेक डावांत एक-दोनच होतात. तिथं पॉइंटवाला पहिल्याच चकमकीत सगळं ओतून मोकळा होतो आणि फायटर बघत बसतो. पॉइंटच हवे असतील तर सगळ्यात वरच्या पातळीचा स्पेल चकमकीत एकदाच, एवढी तरी वेसण घाला.

---

मुरूम (परभणी)

वरच्या पोस्टीशी सहमत. मी फक्त जमिनीखालचं दिसण्यावर लिहितो, कारण एक्सप्लोरेशनचा जीव तिथंच जातोय.

६० फूट, कितीही वेळा, सगळं दिसतं, यातलं 'दिसतं' आधी काढा. पायाळूला कळतं, त्याला दिसत नाही. जाणिवेचे फक्त तीन प्रकार ठेवा : पाणी, पोकळी, धातू. वापरताना खेळाडूनं आधी सांगायचं की यातलं काय शोधतोय. एका वेळी एकच. उत्तरात डीएम (डाव चालवणारा) दोनच गोष्टी सांगतो : आहे की नाही, आणि असेल तर आठ दिशांपैकी कुठली किंवा सरळ पायाखाली. किती आहे, किती खोल आहे, कसलं आहे, हे नाही. धातू आहे म्हटल्यावर ती मोहरांची हंडी असेल, मोडकी पहार असेल किंवा सापळ्याची पाती असेल. खणल्याशिवाय कळायचं नाही, आणि खणायला वेळ लागतो. त्या वेळात भटक्या राक्षसासाठी फासा पडतो. बघा, जिज्ञासेला किंमत लागली.

वेळ : उघड्या पायानं एका जागी उभं राहून १० मिनिटं. आवाका ३० फूट. आड काय येतं ते ठरवायला नवीन काही शोधू नका, डिटेक्ट मॅजिक या स्पेलचे आकडे तयार आहेत : १ फूट दगड, १ इंच साधा धातू, शिशाचा पातळ पत्रा, ३ फूट लाकूड किंवा माती. पायाळूसाठी माती आणि मुरूम मोकळा सोडा, दगडाला ३ फुटांची मर्यादा घाला, शिसं पूर्ण अडवू दे. म्हणजे शेतात पुरलेलं लगेच कळतं, पण किल्ल्याच्या अखंड कातळात कोरलेल्या खोलीपुढं त्याची जाणीव थांबते. ज्याला खरंच काही लपवायचं आहे तो सरदार हंड्याला शिशाचं अस्तर लावून ठेवील.

किती वेळा : लाँग रेस्टमागे (रात्रभराची विश्रांती) क्लास लेव्हलचा अर्धा, किमान दोन. प्रोफिशियन्सी बोनसला बांधू नका. तो बोनस एकूण लेव्हलवर वाढतो, त्यामुळं कुणीही 'रोग', म्हणजे चोर क्लासवाला, एक लेव्हल पायाळूची घेऊन पुढं आयुष्यभर वाढती जाणीव खिशात घालतो.

ट्रेमरसेन्स देऊ का, असा प्रश्न तुम्हाला पुढं नक्की पडेल. देऊ नका. ट्रेमरसेन्सनं जमिनीवर हलणारे प्राणी कळतात. मग लपून बसलेला शत्रू, अदृश्य शत्रू, दाराआडचा पहारेकरी, सगळे एका झटक्यात उघडे. पायाळू निर्जीव गोष्टी ओळखतो ही हद्द पक्की धरा.

आता मजेचा भाग. जाणीव कमी करण्यापेक्षा तिला गोंधळात टाकणाऱ्या जागा बनवा. आपल्या भागात हव्या तितक्या आहेत. नळदुर्गचा पाणीमहाल घ्या. बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या भिंतीतच खोल्या. तिथं उभं राहून 'पाणी' विचारलं तर आठही दिशांनी होकार येणार, फेरी वाया. 'पोकळी' विचारली तरच भिंतीतला जिना सापडेल, आणि तोही आडवी चिरेबंदी ३ फुटांच्या आत असेल तर. देवगिरीची अंधारी म्हणजे उलट गंमत. सगळा रस्ताच खडकातली पोकळी, त्यामुळं 'पोकळी' विचारणं व्यर्थ, 'धातू' विचारला तर पुढच्या वळणाकडं काहीतरी टांगलंय एवढा अंदाज येतो. संभाजीनगरची नहर, मलिक अंबरनं सतराव्या शतकात बांधलेली, तिथं 'पाणी' विचारून प्रवाहाची दिशा धरता येते. म्हणजे शहराच्या खालून फिरताना पायाळू हाच गटाचा वाटाड्या. एकच ताकद, एका जागी निकामी, दुसऱ्या जागी अर्धवट, तिसऱ्या जागी सोन्यासारखी. नकाशा काढतानाच प्रत्येक मोठ्या जागेपुढं 'पा, पो, धा' अशी तीन अक्षरं लिहून समोर उत्तर टिपून ठेवा. ऐनवेळी डोकं खाजवावं लागत नाही आणि उत्तरं एकमेकांशी विसंगत होत नाहीत.

---

डी२० लातूर

विजेचं मी बघतो. लई सोपं गणित हाय, पण आधी केलं नाही तर कॅरेक्टर मरतंय.

तुमचा पायाळू डी८चा, कॉन्स्टिट्यूशन १४. तिसऱ्या लेव्हलला २४ हिट पॉइंट. लायटनिंग बोल्टचं सरासरी डॅमेज ८ डी६ (सहा बाजूंचे आठ फासे) म्हणजे २८. सेव्ह हुकला आणि व्हल्नरेबिलिटी असली की ५६. चोवीस जाऊन उरले ३२, आणि उरलेलं डॅमेज कमाल हिट पॉइंटएवढं किंवा जास्त असलं की जागेवर मृत्यू, डेथ सेव्हसुद्धा (मरता मरता वाचायचा फासा) नाही. वर सांगितल्याप्रमाणं डी६ केला तर आणखी वाईट. म्हणून व्हल्नरेबिलिटी पहिल्यांदा काढा. जो तोटा महिनाभर आडवा येत नाही आणि एक दिवस येतो तो मारूनच जातो, त्याला तोटा म्हणत नाहीत, सुरुंग म्हणतात.

त्याऐवजी ओढ द्या. विजेचा कुठलाही हल्ला किंवा स्पेल पायाळूपासून १० फुटांच्या आत कुणावर पडला तर पायाळूही त्यात धरला जातो. सेव्ह नेहमीचा, डॅमेज नेहमीचं. सहाव्या लेव्हलला विजेला रेझिस्टन्स (डॅमेज निम्मं), आणि रिॲक्शन (दुसऱ्याच्या पाळीतली झटपट कृती) वापरून सोबत्याच्या वाटची वीज स्वतःवर घ्यायची मुभा. बघा, जो आधी शाप होता तो सहाव्या लेव्हलला गटातलं काम झाला. अशी वीज अंगावर घेतली तर १० डॅमेजमागं एक सॉर्सरी पॉइंट परत द्यायलाही हरकत नाही, पण दोन कुंपणं घाला. वीज शत्रूकडूनच आलेली हवी, आणि लाँग रेस्टमागं क्लास लेव्हलच्या अर्ध्याच्या वर पॉइंट नाहीत. नाहीतर गटातला विझर्ड फावल्या वेळात शॉकिंग ग्रास्प (विजेचा फुकट स्पेल) देत बसतो आणि शॉर्ट रेस्टमध्ये (थोडक्या विश्रांतीत) जखमा भरून काढतात. हे सुचणार नाही असं समजू नका, खेळाडूला सगळ्यात आधी हेच सुचतं.

दुसरा प्रश्न : आभाळ मोकळं असलं तर? तर तोटा आभाळावर ठेवूच नका, खेळाडूच्या हातावर ठेवा. २०१४चा वाइल्ड मॅजिक सॉर्सरर आठवा. स्पेल टाकल्यावर डीएम म्हणाला तर डी२० टाकायचा, १ आला तर तक्ता बघायचा. यात दोन खोड्या. डीएमच्या लक्षातच राहत नाही. आणि पाच टक्क्यांनी सरासरी वीस स्पेलमागं एकदा काहीतरी होतं, म्हणजे कित्येक बैठकी कोरड्या.

पायाळूसमोर एक वाटी ठेवा. पहिल्या किंवा वरच्या पातळीचा स्पेल टाकला की वाटीत एक चिंचोका. लगेच डी२०. वाटीतल्या चिंचोक्यांइतकं किंवा कमी आलं की वीज, आणि वाटी रिकामी. पहिल्या स्पेलला ५ टक्के. दुसऱ्यापर्यंत एकदा तरी वीज पडण्याची शक्यता साडेचौदा टक्के, तिसऱ्यापर्यंत सत्तावीस, चौथ्यापर्यंत बेचाळीस, पाचव्यापर्यंत छप्पन. सरासरी काढली तर साधारण सव्वापाच स्पेलमागं एकदा. पाचव्या लेव्हलला ९ स्लॉट असतात, म्हणजे पूर्ण दिवसात एक-दोनदा. वाटी सगळ्यांच्या समोर असते, त्यामुळं विसरायचा प्रश्न नाही, आणि चार चिंचोके झाले की बाकीचे खेळाडू आपोआप पायाळूपासून १० फूट सरकतात. ते सरकणं बघण्यासारखं असतंय गड्या.

वीज पडली की डॅमेज किती? टाकता येणाऱ्या सगळ्यात वरच्या पातळीइतके डी६. पाचव्या लेव्हलला ३ डी६, साधारण साडेदहा. पायाळूला पूर्ण, ५ फुटांतल्यांना डेक्सटेरिटी सेव्हवर अर्धं. ३२ हिट पॉइंटच्या माणसाला एक तृतीयांश गेलं. चटका बसतो, मरत नाही.

वाटी हलकी करायची वाट पण ठेवा : एक ॲक्शन खर्चून दोन्ही पाय जमिनीत रोवायचे, दोन चिंचोके कमी. चकमकीत एक ॲक्शन महाग असते, त्यामुळं फुकट पडत नाही. चकमक संपल्यावर मात्र खेळाडू दहा वेळा हेच करून वाटी रिकामी करील, तेव्हा हे फक्त इनिशिएटिव्ह (चकमकीतला पाळीचा क्रम) चालू असताना, एवढं नियमात लिहाच. लाँग रेस्टला वाटी आपोआप रिकामी.

---

बोरीकाठ

वा, चिंचोक्याची वाटी पक्की. फ्लाय काढायचंही पटलं. पण लाथेचं राहिलं की! विचार असा आहे की लाथ मारली की १ डॅमेज आणि मग ३ डी६ हिट पॉइंट परत. हसू येतं आणि उपयोगही होतो. आणि प्रत्येक वेळी नुसती वीज पडण्यापेक्षा एखादा छोटा तक्ता करता येईल का?

---

गोदाकाठची (नांदेड)

लाथ ठेवा दादा, पण ते १ डॅमेज काढून टाका. ० हिट पॉइंटवर पडलेल्याला कुठलंही डॅमेज झालं की एक डेथ सेव्ह नापास धरतात. तुमच्या नियमानं मरणाऱ्याला वाचवायला गेलेला पायाळू त्याला आधी एक पाऊल पुढं ढकलतो. दोन सेव्ह आधीच हुकले असतील तर लाथेनं सोबती मेला, मग ३ डी६ कुणाला द्यायचे?

शिवाय उसण हा काही जखमेचा प्रकार नाही. ती आखडलेली कंबर. तर लाथेनं जखम भरू नये, आखडलेलं सुटावं. असं करा : बोनस ॲक्शन (पाळीतली जादा छोटी कृती), ५ फुटांतला शुद्धीवर असलेला आणि राजी असलेला सोबती. तो ग्रॅपल्ड (धरलेला), रिस्ट्रेन्ड (जखडलेला) किंवा प्रोन (आडवा पडलेला) असेल तर त्यातलं एक सुटतं, आणि त्याला लगेच स्वतःचा एक हिट डाइस खर्चता येतो. शॉर्ट रेस्टमागे एकदा, नवव्या लेव्हलपासून दोनदा. बरं होणं त्याच्याच डाइसमधून येतं, त्यामुळं क्लेरिकच्या (जखमा बऱ्या करणारा क्लास) पोटावर पाय येत नाही. पाय अर्थात उघडा. बूट घालून मारलेली लाथ ती लाथच.

आता तक्ता. नुसती वीज ऐवजी भानामतीचा डी६ करता येईल, सगळं सामान आपल्या भागातलंच. १ आला तर वरून दगड पडतात : पायाळूभोवती १० फूट, डेक्सटेरिटी सेव्ह, २ डी४. २ला कुणा एकाच्या अंगावरचं वस्त्र पेटतं, विझवायला ॲक्शन खर्चेपर्यंत त्याच्या प्रत्येक पाळीच्या शेवटी १ डी४ आगीचं. ३ला ३० फुटांतल्या सगळ्यांच्या अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उठतात. तासभर गावातल्या कुणाशीही बोलताना परस्वेजनला (मन वळवायच्या फाशाला) डिसॲडव्हान्टेज. हा एकच निकाल चकमकीत निरुपद्रवी आणि बाजारात भारी, म्हणून मला सगळ्यात आवडतो. ४ला गटाची एक दिवसाची शिदोरी नासते. ५ला पायाखाली २० फूट काळ्या मातीचा चिखल, मिनिटभर डिफिकल्ट टेरेन (चालायला अवघड जमीन), शत्रूलाही. ६ला वीज, लातूरकरांच्या हिशेबानं. एकही निकाल असा ठेवू नका की ज्यात पायाळूची स्वतःची पाळी वाया जाते. खेळाडूला स्वतःच्या ताकदीचा राग आला की तो स्पेल टाकणंच सोडतो, आणि मग वाटी नुसती शोभेची.

एक गोष्ट नियमाबाहेरची, पण सांगायलाच हवी. पायाकडून जन्म म्हणजे पोटात बाळ पायाकडून खाली होतं, एवढंच. पण या समजुतीपायी पायाळू मुलांना गुप्तधनाच्या मागं ओढल्याचे, आणि भानामतीच्या संशयावरून बायकांना मारहाण झाल्याचे प्रकार खरे आहेत. २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत करणी-भानामती आणि गुप्तधन, जलस्रोत शोधायच्या नावाखाली केलेली अमानुष कृत्यं उगीच आलेली नाहीत. तेव्हा खेळ सुरू करण्याआधीच्या बैठकीत दोन गोष्टी विचारून घ्या : लहान पायाळूचा बळी देऊ पाहणारा खलनायक चालेल का, आणि गावानं पायाळूवर संशय घेणं कुठवर दाखवायचं. कुणी एकानं जरी नको म्हटलं तर ते कथानक गुंडाळून ठेवा. आणि भानामतीचं कारण म्हणून गावातली एकटी म्हातारी काढू नका. तक्त्यात जे होतं ते पायाळूच्याच ताकदीमुळं होतं, हे सगळ्यांना माहीत असू द्या.

---

अंधारीतला पहारेकरी

दोन भर घालतो.

वॉरलॉक (करारातून जादू मिळवणारा क्लास) याच्याशी मल्टिक्लास (दोन क्लास मिसळणं) आधीच बंद करा, किंवा वॉरलॉकच्या स्लॉटचे सॉर्सरी पॉइंट करायला मनाई करा. वॉरलॉकचे स्लॉट शॉर्ट रेस्टला परत येतात. ते मोडून पॉइंट, पॉइंट मोडून पायाळूचे स्लॉट, असा रहाट सुरू झाला की थांबत नाही. पॉइंटमधून स्लॉट करायचे नेहमीचे दर २, ३, ५, ६, ७ असेच ठेवा, पाचव्या पातळीच्या वर नाही.

आणि चाचणी घ्यायची तर पहिल्या, पाचव्या आणि अकराव्या लेव्हलला घ्या, मधल्या लेव्हली सोडल्या तरी चालतील. प्रत्येक वेळी तीन चकमकी आणि एक शोधाची जागा. त्यातली एक चकमक मुद्दाम अशी की पाय जमिनीला लागत नाहीत : झुलता पूल, नावेवरची मारामारी किंवा बारवेच्या मधोमध टाकलेली फळी. तिथं पायाळूकडं स्वतः निवडलेले स्पेल आणि कॅन्ट्रिप (स्लॉट न लागणारे छोटे स्पेल) एवढंच उरतं. त्या चकमकीत खेळाडू मोबाइल बघत बसला तर निवडीचे स्पेल एकनं वाढवा. काहीच फरक पडला नाही, तर बुटाचा नियम कुणीतरी विसरतंय.

---

मुरूम

बारवेच्या फळीवरून आठवलं. पायऱ्या दगडी असतात, म्हणजे पायाळू फळीवरून एक पाय पायरीवर टेकवून 'दोन्ही पाय' यावर वाद घालणार. नियमात 'अंगाचा सगळा भार' असे शब्द घाला.

---

बोरीकाठ

घातले. दगडाची ३ फुटांची मर्यादा पण लिहिली. अकराव्या लेव्हलची चाचणी झाली की आकडे इथंच टाकतो.